तुरट, आंबट, खमंग: स्पार्कलिंग आणि रेड वाइन चाखून गुण कसे द्यायचे

कॅबर्ने सोव्हिन्यों या रेड वाइनच्या बाटलीमागचं वर्णन वाचा, त्यात ‘ब्लॅककरंट’ बहुतेक वेळा असतंच. आपल्यातल्या किती जणांनी हे फळ झुडपावरून तोडून खाल्लंय? माझी त्याच्याशी ओळख आइस्क्रीमच्या जांभळ्या गोळ्यापुरती. सुरुवातीची दोन वर्षं मी ग्लासात तो गोळा शोधत होतो, आणि सापडत नाही म्हणून आपलं नाकच मंद अशी समजूत करून घेतली होती. मग एकदा नाशिकजवळच्या एका वायनरीत शिराझ ही दुसरी रेड चाखताना शेजारच्या बाई सहज म्हणाल्या, “जांभूळ खाऊन झाल्यावर बी चोखत बसतो ना आपण, तसं लागतंय.” अगदी तसंच लागत होतं. त्या दिवसापासून माझी वही मराठीत आहे.

वाइन चाखण्यातला निम्मा भाग शब्दांचा असतो, आणि त्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. तुरट ही चव आपल्या सहा रसांत बसलेली आहे. आवळा चावलेल्या पोरालाही ती कळते. खमंग, खरपूस, करपट, कुबट, उग्र हे शब्द स्वयंपाकघरात रोज वापरात असतात. तेव्हा फ्रेंच शब्द पाठ करण्यात वेळ घालवू नका. खाली सांगतो ते घरच्या घरी, चार बाटल्या आणि पाच-सहा मित्रमैत्रिणी जमवून करता येतं. फक्त सगळ्यांचं वय २१ च्या पुढे हवं आणि घरी जाताना गाडी कुणी चालवायची नाही.

आधी खरेदी

एकच बाटली चाखून काही शिकता येत नाही. दोन शेजारी ठेवल्या की फरक आपोआप बोलतो. म्हणून दोन स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांच्या, आणि दोन रेड घ्या. वर्गणी काढा, म्हणजे कुणा एकाच्या खिशाला भार नको.

स्पार्कलिंगमध्ये एक ‘पारंपरिक पद्धती’ची आणि दुसरी टाकीत बनवलेली, अशी जोडी जमवा. पारंपरिक पद्धत म्हणजे शॅम्पेनची. तयार वाइन बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर आणि यीस्ट घालतात, बाटली बंद करतात, आणि दुसरं आंबवणं बाटलीच्या आतच होतं. त्यातून तयार झालेला वायू जाणार कुठे? तो वाइनमध्येच विरघळतो. मेलेलं यीस्ट तळाशी बसतं, आणि वाइन महिनोन्‌महिने त्याच्या संगतीत राहिली की तिला पावाचा, भाजक्या टोस्टचा वास येऊ लागतो. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात साध्या बाटलीलाही किमान १५ महिने आणि एकाच सालाच्या द्राक्षांच्या बाटलीला ३ वर्षं थांबावं लागतं. शॅम्पेन हे नावही त्या प्रांतापुरतंच राखलेलं आहे. लग्नात फोडतात ती प्रत्येक बाटली शॅम्पेन नसते. दिंडोरीला मोएट हेनेसी या फ्रेंच कंपनीची शँडन नावाची स्पार्कलिंग बनते ती याच पद्धतीने, पण बाटलीवर शॅम्पेन लिहिलेलं तुम्हाला दिसणार नाही.

इटलीची प्रोसेको वेगळी. ग्लेरा नावाच्या द्राक्षाची, आणि दुसरं आंबवणं बहुधा स्टीलच्या मोठ्या बंद टाकीत. तिथे यीस्टचा सहवास कमी, म्हणून पावाचा वास नाही. नाशपाती, सफरचंद, फुलं असा ताजेपणा. या दोन पद्धतींत उच्च-नीच लावू नका. पहिल्याच बैठकीत निम्म्या लोकांना प्रोसेको जास्त आवडते, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

दुकानात लेबलवरचा एक शब्द फसवतो. ‘ब्रूट’ म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. ‘एक्स्ट्रा ड्राय’ वाचलं की वाटतं ही आणखी कोरडी, म्हणजे कमी गोड असणार, पण तिच्यात १२ ते १७ ग्रॅम साखर असते, म्हणजे ब्रूटपेक्षा जास्त गोड. ‘सेक’चा अर्थ फ्रेंचमध्ये कोरडी, तरी साखर १७ ते ३२. ‘देमी-सेक’ ३२ ते ५०, ती सरळ गोडच. अगदी कोरडी हवी असेल तर ‘ब्रूट नेचर’ शोधा, तिथे ३ ग्रॅमच्या आत. तुलनेसाठी दोन्ही बाटल्या ब्रूट असाव्यात, नाहीतर सगळी चर्चा साखरेवरच संपते.

रेडमध्ये नाशिकची शिराझ आणि नाशिकचीच कॅबर्ने सोव्हिन्यों घेतली की द्राक्षाचा फरक कळतो. अकलूजकडच्या फ्रातेल्ली या वायनरीने इटलीचं सांजोव्हेसे हे द्राक्ष सोलापूर जिल्ह्यात लावलं आहे, तीही पुढच्या खेपेला चाखून बघण्यासारखी. लेबलवरचं साल बघताना एवढं लक्षात ठेवा: फ्रान्समधली तोडणी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, आपली साधारण जानेवारी ते मार्च. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते आणि द्राक्ष थंडीत पिकवलं जातं. म्हणून एकाच सालाच्या दोन बाटल्यांत नाशिकची सहा-आठ महिन्यांनी मोठी असते.

आणि बाटली दुकानात कुठे ठेवली होती ते बघा. उन्हात किंवा दिव्याखाली उभी असलेली, बूच किंचित वर सरकलेली, गळ्याशी चिकट ओघळ असलेली बाटली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. विदर्भातल्या किंवा खानदेशातल्या एका उन्हाळ्यात वाइन अक्षरशः शिजते.

खोली, ग्लास आणि गारवा

चाखायच्या दिवशी घरात उदबत्ती नको, अत्तर नको, गजरा नको, आणि स्वयंपाकघरात फोडणी तर मुळीच नको. हिंगाच्या वासापुढे जगातली कुठलीही वाइन उभी राहत नाही. ग्लास ट्यूलिपच्या आकाराचे, तोंडाशी थोडे आवळलेले घ्या. जुन्या सिनेमात दिसतात ते पसरट बशीसारखे ग्लास बुडबुडे आणि वास दोन्ही घालवतात. भांड्यांच्या साबणाचा वास राहतो, म्हणून ग्लास शेवटी गरम पाण्याने खळबळून पालथे ठेवा.

‘रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी’ हे वाक्य ज्या खोल्यांसाठी जन्माला आलं त्या युरोपातल्या दगडी घरांच्या होत्या. एप्रिलमध्ये आपल्या खोलीचं तापमान ३५ अंश असतं. त्या गरमीत रेडमधलं अल्कोहोल नाकात जातं आणि बाकी काही कळत नाही. रेडला १५ ते १८ अंश हवेत, त्यासाठी आधी फ्रिजमध्ये ठेवा. स्पार्कलिंगला ६ ते १० अंश, म्हणजे तीन तास फ्रिज. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात अर्धा तास. नुसत्या बर्फाने काम होत नाही, बाटलीभोवती पाणी लागतं. एकच सांभाळा: फार गार वाइन मुकी होते. गुण देण्याआधी ग्लास पाच मिनिटं तसाच राहू द्या.

बाटली उघडताना

पारंपरिक पद्धतीच्या बाटलीत ५ ते ६ अॅटमॉस्फिअर दाब असतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. बूच डोळ्याला लागलं तर डोळा जातो, ही अतिशयोक्ती नाही. वरचा कागद काढा. तारेची कडी सहा अर्ध्या वळशांनी सैल होते. ती सैल करतानाच अंगठा बुचावर असू द्या आणि बाटली पुन्हा उघडी सोडू नका. बाटली तिरकी धरा, तोंड भिंतीकडे. बूच घट्ट धरून खालून बाटली फिरवा. ‘फट्’ आवाज आला तर मजा येते, पण वायू आणि वाइन दोन्ही वाया जातं. हळू सुटलेला ‘स्स्स’ पुरे.

प्रत्येकाला ५० मिलिलिटर ओता. कमी वाटेल, पण वासाला ग्लासात रिकामी जागा लागते. आधी स्पार्कलिंग, मग रेड. त्यातही हलकी आधी, भारी नंतर. मध्ये पाणी आणि साधा पाव. चीज, खारे शेंगदाणे, चिवडा चाखून होईपर्यंत लांब ठेवा. मीठ आणि स्निग्ध पदार्थ तुरटपणा झाकतात, आणि सामान्य रेडसुद्धा एकदम मऊ वाटू लागते.

एक पिकदाणीही लागेल. खोल वाडगं चालेल. चाखून थुंकणं हा या कामाचा भाग आहे, आणि महाराष्ट्राला थुंकायला शिकवावं लागेल असं मला वाटत नाही, फक्त ते भांड्यात व्हावं. एकूण पाच फेऱ्या होणार (पाचवी कशाला ते पुढे येतं), म्हणजे माणशी २५० मिलिलिटर, बाटलीचा एक तृतीयांश. तेवढं पोटात गेल्यावर शेवटच्या वाइनला दिलेले गुण वाइनचे नसतात.

बघा, पण फार वेळ नको

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका करा. रेडच्या कडेला जांभळी झाक असेल तर वाइन कोवळी. विटकरी, तपकिरी होत गेली असेल तर मुरलेली. ग्लासच्या आतून ओघळणारे ‘अश्रू’ पाहून लोक माना डोलावतात. ते अल्कोहोल उडून जाण्याने बनतात, वाइनच्या दर्जाशी त्यांचा संबंध नाही. बुडबुड्यांचंही तसंच. ते ग्लासवरच्या बारीक चरांवर आणि पुसायच्या कापडाच्या तंतूंवर जन्मतात. फार स्वच्छ ग्लासात उत्तम शॅम्पेनही शांत दिसते. बुडबुड्यांची पारख डोळ्याने नाही, जिभेने करा: साबणाच्या फेसासारखे मऊ लागतात की सोड्यासारखे टोचतात?

हुंगा, इथे वेळ घालवा

पहिल्यांदा ग्लास न हलवता हुंगा. मग रेड असेल तर दोन-तीन गिरक्या द्या आणि पुन्हा हुंगा. स्पार्कलिंगला गिरकी देऊ नका, वायू निघून जातो. लांब श्वास घेऊन बसू नका, छोटे छोटे दोन-तीन ओढा आणि नाक बाजूला घ्या. मांजर दूध हुंगतं तसं.

आता स्वतःला तीन प्रश्न विचारा. फळ कुठलं? मसाला कुठला? आणि फळ-मसाल्यापलीकडचं काय?

शिराझमध्ये काळ्या मिरीचा वास येतो असं म्हणतात, ती नुसती उपमा नाही. रोटुंडोन नावाचं जे द्रव्य मिरीत असतं तेच शिराझच्या सालीत सापडतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते २००८ मध्ये दाखवून दिलं. गंमत म्हणजे पाचातल्या साधारण एका माणसाला हे द्रव्य हुंगताच येत नाही. तेव्हा मित्राला मिरी येते आणि तुम्हाला येत नाही, तर वाद घालू नका. दोघंही खरं बोलताय.

कॅबर्नेत, विशेषतः द्राक्ष पुरतं पिकलं नसेल तर, ढोबळी मिरची कापल्याचा वास असतो. यालाही रासायनिक कारण आहे, दोन्हींत पायराझीन नावाची द्रव्यं असतात. ओक या लाकडाच्या पिंपात राहिलेल्या रेडला लवंगेचा वास येतो, कारण लवंगेतलं युजेनॉल भाजलेल्या ओकमध्येही असतं. व्हॅनिलाही तिथलाच. अमेरिकी ओक असेल तर खोबरं, आणि ते ओल्या नारळापेक्षा भाजलेल्या सुक्या खोबऱ्याकडे झुकणारं. आमच्या गटातल्या एकीने अशा एका रेडसमोर वहीत फक्त ‘गोडा मसाला’ लिहिलं होतं. लवंग, खोबरं, भाजलेपणा, सगळं दोन शब्दांत आलं.

स्पार्कलिंगमध्ये आधी लिंबू आणि हिरवं सफरचंद शोधा, मग पहाटेच्या बेकरीसमोरून जाताना येतो तो वास. कधी इडलीचं पीठ नीट फुगल्यावर झाकण काढताना येतो तसाही. आपल्याकडच्या बऱ्याच स्पार्कलिंगमध्ये शेनिन ब्लां या पांढऱ्या द्राक्षाची वाइन असते. तिच्यात मला दरवेळी पेरू सापडतो, गुलाबी नव्हे, पांढरा.

वास ओळखू येत नसेल तर उपाय स्वयंपाकघरात आहे. वाट्यांमध्ये मिरी, लवंग, जांभळाचा गर, ढोबळी मिरचीचा तुकडा, लिंबाची साल, टोस्टचा चुरा ठेवा. डोळे मिटून एकेक वाटी हुंगा, मग लगेच ग्लास. दोन संध्याकाळींत नाक एवढं तयार होतं की भाजी आणायला गेल्यावर लोक वळून बघतात.

घोट

चमचाभर घ्या, तोंडात सगळीकडे फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. सुर्र आवाज येतो, येऊ द्या. मग थुंका, आणि खरी परीक्षा तिथून सुरू करा.

आंबटपणा लाळेवरून कळतो. चिंच नुसती दिसली तरी सुटते तशी लाळ सुटते का? जितकी जास्त, तितकं आम्ल जास्त. स्पार्कलिंगचा तर तोच कणा. आम्ल कमी पडलं की ती बेचव लागते, उघडी राहिलेली सोडा बाटली जशी. तुरटपणा हिरड्यांवर आणि गालांच्या आत शोधा. कच्च्या केळ्यासारखा खरखरीत आहे, सुपारीसारखा कोरडा, की नुसता चहाच्या दुसऱ्या घोटासारखा? तो किती आहे यापेक्षा कसा आहे हे जास्त महत्त्वाचं. अल्कोहोल घशाशी ऊब देतं. जाळत असेल तर तोल बिघडलेला. दाटपणा सांगायला ताक आणि दूध ही मोजमापं पुरेशी आहेत.

मग घड्याळाकडे बघा. थुंकल्यावर चव किती सेकंद टिकते? पाचच्या आत गेली तर वाइन साधी. दहाच्या पुढे गेली तर चांगली. आणि शेवटी नुसता कडूपणा किंवा जळजळ उरली असेल तर ते सेकंद मोजायचे नाहीत.

बाटलीच बिघडलेली असेल तर

पावसाळ्यात भिजलेल्या गोणपाटासारखा, कुबट वास आला आणि फळ गायब असेल तर बुचात दोष आहे. हे टीसीए नावाचं द्रव्य, माणसाला इजा करत नाही पण वाइन मारतं. स्क्रूकॅपच्या बाटलीत हा त्रास क्वचितच. उकडलेल्या, काळवंडलेल्या सफरचंदासारखा वास म्हणजे हवा लागलेली. व्हिनेगर कुणालाही कळतं. गोठ्याचा किंवा औषधी पट्टीचा वास आला तर ब्रेटानोमायसेस नावाचं यीस्ट आलेलं असतं; थोडं असेल तर काहींना आवडतं, मला नाही. बिघडलेल्या बाटलीला गुण देऊ नका, बाजूला ठेवा. शंभरातले वीस लिहिणं अन्याय आहे, दुसरी बाटली चांगली निघू शकते.

गुण

आता अवघड भाग. १९७८ साली रॉबर्ट पार्कर या अमेरिकी वकिलाने वाइनवर पत्रिका काढली आणि शंभरपैकी गुणांची पद्धत जगभर नेली. त्या मापात प्रत्येक वाइनला ५० आयते मिळतात. ८० ते ८९ म्हणजे सरासरीच्या वर, ९० पासून खरं कौतुक. आपल्याला दहावीपासून टक्क्यांची सवय, म्हणून ८५ म्हणजे डिस्टिंक्शन वाटतं. दुकानातल्या गुणांच्या चिठ्ठीकडे हे लक्षात ठेवून बघा.

नवशिक्याने शंभराच्या भानगडीत पडू नये. ८७ आणि ८८ मधला फरक सांगता येणार नसेल तर तो लिहायचा कशाला? मी वीसपैकी देतो: वासाला ५, तोंडातल्या समतोलाला ६, किती वेळ टिकते याला ४, एकाच घोटात किती गोष्टी सापडतात याला ४, आणि दिसण्याला उरलेला १. आधी सगळ्या ग्लासांचा क्रम लावा आणि मग आकडे टाका. उलटं केलंत तर पहिल्या ग्लासला १४ देऊन बसता आणि पुढच्या सगळ्या १४ भोवतीच घुटमळतात.

लेबल झाका. बाटलीभोवती वर्तमानपत्र गुंडाळा, गळ्यापर्यंत, कारण बाटलीचा आकार आणि कागदाचा रंगही चुगली करतो. डोळे किती फसवतात याचा पुरावा फ्रान्समधल्या बोर्दो या वाइनच्या प्रांतातलाच आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिथल्या वाइन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइनमध्येच वास नसलेला लाल रंग मिसळून दिला, आणि त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं.

आणि आता ती पाचवी फेरी. दोन रेडपैकी एक दोनदा ओता, वेगळ्या क्रमांकाने, कुणाला न सांगता. (ओतणाऱ्याने स्वतः गुण देऊ नयेत, बिचाऱ्याचा तेवढा त्याग.) शेवटी त्या दोन ग्लासांना दिलेले गुण शेजारी ठेवा. फरक दोनचा असेल तर तुमच्या मापाची चूक दोनची आहे. त्या रात्री १४ आणि १५ मिळवलेल्या दोन वाइनमध्ये कोण सरस हे तुम्हाला सांगता येत नाही. खट्टू होऊ नका. रॉबर्ट हॉजसन या निवृत्त प्राध्यापकाने कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या स्पर्धेच्या परीक्षकांना हेच केलं, एकाच बाटलीतून तीनदा ओतून. २००८ साली त्याने निकाल छापला: दहातला एखादाच परीक्षक आपल्याच निर्णयावर नीट टिकला होता.

लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. घरातले काका एकदा “वा, काय वाइन आहे!” म्हणाले की बाकी पाच वह्यांत तीच वाइन पहिली येते. सगळ्यांनी आकडे टाकले की मग बोला, भांडा, आणि सर्वांत शेवटी कागद काढा. किमतीसाठी वेगळा रकाना ठेवा, ‘पैसा वसूल’ असं वर लिहा, पण ते गुण वीसमध्ये मिसळू नका.

उरलेल्या बाटल्या जेवणाला लागतील. तरीही प्रत्येकीत थोडी राहू द्या. रेडला बूच लावून फ्रिजमध्ये, स्पार्कलिंगला पकडीचं झाकण. गळ्यात चमचा अडकवला की फेस टिकतो असं सांगणारा कुणीतरी निघतोच, टिकत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पोट रिकामं असताना, त्याच वाइन पुन्हा चाखा आणि त्याच पानावर वेगळ्या शाईने गुण लिहा. कोवळी, तुरट रेड रात्रभरात अनेकदा मऊ होते, आणि काल पहिली आलेली गोडसर वाइन आज कंटाळवाणी लागते. दोन्ही शाईंत बारा महिने लिहिलेली माझी वही आता जुनी झाली आहे. त्यातल्या पहिल्या दहा पानांवरचे सगळे आकडे मी खोडले आहेत, शब्द मात्र एकही नाही.